प्रवाळ जीवाश्म

प्राचीन उथळ समुद्रांत वाढलेल्या प्रवाळांचे चुनखडकात टिकून राहिलेले सांगाडे म्हणजे प्रवाळ जीवाश्म. प्राण्याचे मऊ शरीर कुजून जाते. त्याने रचलेला कॅल्शियम कार्बोनेटचा पेला मागे उरतो. पेल्याच्या कडेपासून मध्याकडे उभे पडदे जातात. आडवा छेद घासून गुळगुळीत केला की ते चाकाच्या आऱ्यांसारखे दिसतात. ओळख पटते ती यांवरूनच.

रुगोसा व टॅब्युलाटा हे प्रवाळांचे जुने गट सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरीस नष्ट झाले. आज प्रवाळभित्ती बांधणारा स्क्लेरॅक्टिनिया गट त्यानंतर ट्रायासिक काळात आला. त्याचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या कमी टिकाऊ रूपाचा असल्याने खडकात पुष्कळदा विरघळतो. रुगोसांचा कॅल्साइटचा, म्हणजे त्याच्याच अधिक टिकाऊ रूपाचा सांगाडा बारकाव्यांसह टिकतो. म्हणूनच जीवाश्मतज्ज्ञ जॉन वेल्स यांना १९६३ साली डेव्होनियन काळातल्या (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या) प्रवाळांवरच्या बारीक वाढरेषा मोजता आल्या. एका वर्षाच्या वाढीत सुमारे ४०० रेषा भरल्या. रोजची एक रेषा धरली, तर तेव्हाचे वर्ष ४०० दिवसांचे होते. पृथ्वी स्वतःभोवती आजच्यापेक्षा वेगाने फिरत होती. खगोलशास्त्राचा हिशेब एका समुद्री जिवाच्या अंगावर लिहिलेला सापडावा, ही विलक्षण गोष्ट आहे.

सातारा-सांगलीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा. त्यात प्रवाळ नाहीत. विहीर खणताना निघणारे पांढऱ्या सुयांचे झुबके बहुधा झिओलाइट या खनिजाचे असतात. काळ्या रानातली फांद्याफांद्यांची चुनखडी मातीतच साकळलेली असते. तीही आम्लाने फसफसते, त्यामुळे फसफस हा प्रवाळाचा पुरावा नव्हे. आरे शोधावेत.

खरा प्राचीन चुनखडक इथल्या घरांत आहे, पण बाहेरून आलेला. सोप्यातली शहाबादी फरशी आणि ओट्याचा कडाप्पा, दोन्ही कॅम्ब्रियनपूर्व, म्हणजे प्रवाळ अस्तित्वात येण्याआधीचे मानले जातात. देवघरातला शाळिग्राम सागरी जीवाश्म खरा, पण अमोनाइटचा, म्हणजे शंखासारखे वेटोळे कवच असलेल्या नामशेष सागरी प्राण्याचा. मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळे लाल प्रवाळाचे. तो भित्ती बांधणाऱ्या गटातला नाही.

भारतात प्रवाळ जीवाश्म कच्छच्या जुरासिक आणि तमिळनाडूतील अरियालूर-तिरुचिरापल्लीच्या क्रिटेशस थरांत मिळतात. नर्मदा खोऱ्यातील बाघच्या ‘कोरलाइन’ चुनखडकाच्या नावाला मात्र फसू नये. त्यात मुख्यतः ब्रायोझोआंचे, म्हणजे वसाहती करून राहणाऱ्या वेगळ्याच सूक्ष्म जलचरांचे तुकडे आहेत. ज्या दख्खनी लाव्ह्यातून अजिंक्यतारा घडला, तोच पुढे बाघच्या या थरांवरही पसरला.