जर्मनीहून अमेरिकेला आलेल्या पूर्वजाचा शोध: कोणता कागद कुठे मिळतो आणि कोणाला मिळतो

नातवाला शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचा होता. आमच्या बाजूची फांदी एका संध्याकाळी पूर्ण झाली. कुलवृत्तांत घरात होता आणि मूळ गाव तर आडनावातच होतं. जावयाच्या बाजूला मात्र खापरपणजोबांपाशी गाडी अडली. व्याह्यांना एवढंच ठाऊक होतं की ते १८८० नंतर केव्हातरी ‘प्रशिया’तून विस्कॉन्सिनला आले, शेती केली आणि तिथेच वारले. शाळेचा कागद तेवढ्यावर दिला, पण रुखरुख लागून राहिली. मग विहीणबाई आणि मी, दोघींनी मिळून शोध घेतला. दोन वर्षं लागली. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत आता सून किंवा जावई जर्मन वंशाचे आहेत, आणि ते घराणंही आपल्या नातवंडांचंच आहे. म्हणून आम्हाला जे कळलं ते क्रमाने लिहिते.

गाव कळल्याशिवाय जर्मनीला पत्र लिहू नका

ही एक गोष्ट सगळ्यात आधी. जर्मनीत जन्म-मृत्यूची एकच मध्यवर्ती वही कधीच नव्हती. एकसंध जर्मनी झाला तोच १८ जानेवारी १८७१ ला. त्याआधी प्रशिया, बव्हेरिया, व्युर्टेंबर्ग, बाडेन, मेक्लेनबर्ग अशी निरनिराळी राज्यं होती आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी त्या त्या गावच्या चर्चमध्ये. सरकारी नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि साऱ्या साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. ऱ्हाइनच्या पश्चिमेला मात्र फ्रेंच अमलामुळे ती बरीच आधी आली होती.

आपल्याकडे ‘कर’ लागलेल्या आडनावावरून गाव निघतं. तिकडे म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, त्यावरून काही हाती लागत नाही. नुसतं गावाचं नाव मिळूनही पुरत नाही. नॉयश्टाट किंवा नॉयकिर्शन म्हणजे आपलं वडगाव-पिंपळगाव, दर जिल्ह्यात एखादं असतंच. गाव, तालुका आणि पंथ, म्हणजे कॅथलिक की लुथरन, ही तिन्ही उत्तरं मिळाली की पुढचं काम सोपं होतं. आणि ती जवळजवळ नेहमी अमेरिकेतल्याच कागदांत सापडतात.

सुरुवात मृत्यूपासून

माणूस शेवटी जिथे गेला तिथून मागे चालत यायचं. सर्वांत आधी घरातलं कपाट: कुटुंबाचं बायबल, जर्मन पत्रं, बाप्तिस्म्याचा दाखला, फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का.

मग जनगणना. ती दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनंतर सर्वांना खुली होते. १९५० पर्यंतच्या याद्या आज कोणीही पाहू शकतो. घरातल्या प्रत्येकाचं नाव १८५० पासून मिळतं. १८९० ची बहुतेक सगळी गणना मात्र वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीत गेली. त्यामुळे १८८० नंतर आलेल्या माणसासाठी १९०० ची यादी पहिली आणि मोलाची. तीत अमेरिकेत आल्याचं वर्ष आहे आणि नागरिकत्वाच्या रकान्यात दोन अक्षरं आहेत: ‘एएल’ म्हणजे परदेशी, ‘पीए’ म्हणजे पहिला अर्ज झालेला, ‘एनए’ म्हणजे नागरिक झालेला. १९२० च्या यादीत नागरिक झाल्याचं वर्षही विचारलं होतं.

मृत्यूच्या दाखल्यासाठी प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. विस्कॉन्सिनमध्ये राज्यभराची व्यवस्थित नोंदणी ऑक्टोबर १९०७ पासूनची. त्याआधीच्या नोंदींची सूची विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. तिथे प्रमाणित प्रतीसाठी नातं किंवा थेट हितसंबंध दाखवावा लागतो, साधी प्रत कोणालाही मिळते. वंशवृक्षाला साधी प्रत पुरते. अर्जात मृताचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख किंवा अंदाजे वर्ष, काउंटी म्हणजे तिथला जिल्हा, अर्जदाराचं ओळखपत्र आणि शुल्क. दाखल्यावर आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. पण ‘माहिती देणारा’ हा रकाना जरूर वाचा. आमच्या दाखल्यावर माहिती देणारा होता मुलगा, ज्याने जर्मनी कधी पाहिलंच नव्हतं. जन्मस्थळ: ‘जर्मनी’. बस्स.

गाव मिळालं ते चर्चच्या दफनवहीत. त्या काळी लुथरन पास्टर जर्मनमधून नोंद करत आणि मृताचं गाव विचारून लिहीत. दुमडीवर झिजलेलं पान, तपकिरी पडलेली शाई, एका ओळीत नाव, वय वर्षं-महिने-दिवस असं मोजून लिहिलेलं, आणि पुढे गावाचं नाव, खाली ‘क्राइस रेगेनवाल्डे, पोमर्न’. क्राइस म्हणजे जिल्हा, पोमर्न हा प्रशियाचा प्रांत. विहीणबाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं ते बराच वेळ काढलं नाही.

चर्च बंद पडलं असेल तर वह्या त्याच्या सिनडच्या, म्हणजे अनेक चर्चच्या मिळून झालेल्या संघटनेच्या, संग्रहालयात जातात. मिझुरी सिनडसाठी सेंट लुईसची कॉनकॉर्डिया हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूट. चर्च ही खाजगी संस्था आहे, नोंद दाखवणं तिच्यावर बंधनकारक नाही. म्हणून आधी पत्र, नातं स्पष्ट, आणि जमेल तेवढी देणगी.

चर्चमध्ये नाही मिळालं तर जर्मन वर्तमानपत्रांतल्या मृत्युवार्ता पाहा. बॉल्टिमोरच्या ‘डेर डॉयचे कॉरेस्पॉन्डंट’चे अंक लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पूर्वज अमेरिकेच्या यादवी युद्धात लढला असेल तर पेन्शनची फाइल मागवा, तिच्यात कधी कधी लग्नाचा मूळ दाखलाही निघतो. राष्ट्रीय अभिलेखागाराचा एनएटीएफ ८५ हा अर्ज त्यासाठी आहे. सरकारी जमीन होमस्टेड कायद्याखाली, म्हणजे १८६२ नंतर घेतली असेल तर एनएटीएफ ८४. ही जमीन मिळण्यासाठी नागरिक असणं किंवा नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेला असणं आवश्यक होतं, म्हणून तो कागद फाइलला जोडलेला सापडतो. आणि त्याचीच भावंडं, शेजारी, लग्नातले साक्षीदार यांचेही कागद पाहा. एका गावचे लोक एकामागोमाग येऊन एकाच भागात स्थायिक होत. एकाच्या कागदात राहिलेलं गाव दुसऱ्याच्या कागदात असतं.

नागरिकत्वाचे कागद: २७ सप्टेंबर १९०६ ही तारीख लक्षात ठेवा

इथे बहुतेकांचा वेळ आणि पैसा वाया जातो. या तारखेनंतरच्या नागरिकत्वाच्या फाइली केंद्राच्या इमिग्रेशन खात्याच्या वंशावळ विभागाकडे मिळतात. आधी सूची शोधण्याचा अर्ज जी-१०४१, मग नोंदीचा जी-१०४१ए. जन्म शंभर वर्षांच्या आतला असेल तर मृत्यूचा पुरावा जोडावा लागतो. पण आपला माणूस १८८५ मध्ये नागरिक झाला असेल तर या खात्याकडे त्याचं काहीच नसतं. १९०६ पर्यंत कुठलंही नोंदी ठेवणारं न्यायालय, अगदी काउंटीचंसुद्धा, नागरिकत्व देऊ शकत होतं. म्हणून काउंटीच्या कोर्टात, राज्याच्या अभिलेखागारात किंवा राष्ट्रीय अभिलेखागाराच्या विभागीय शाखेत विचारायचं. विस्कॉन्सिनचे हे कागद हिस्टॉरिकल सोसायटीच्या विभागीय केंद्रांत आहेत.

कागद दोन टप्प्यांचे. आधी इरादापत्र, ज्याला लोक ‘फर्स्ट पेपर्स’ म्हणत, आणि एकूण पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अंतिम अर्ज. विस्कॉन्सिनमध्ये १९०८ पर्यंत इरादापत्रावरच मतदान करता येत होतं, त्यामुळे अनेकांनी दुसरा टप्पा गाठलाच नाही. तो कागद मिळाला नाही तर शोध चुकला असं समजू नका. बायकांचे वेगळे कागद बहुधा नसतात, कारण १८५५ पासून १९२२ पर्यंत नवऱ्याबरोबर पत्नीही नागरिक होत असे. आणि १९०६ पूर्वीच्या या कागदांत गाव क्वचितच असतं. ‘प्रशियाच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो’ एवढंच वाक्य येतं. त्यावरून राज्य तरी कळतं.

जहाजाची यादी

अमेरिकेत उतरणाऱ्यांच्या याद्या १८२० पासून आहेत. न्यूयॉर्कला १८५५ ते १८९० कॅसल गार्डन हे उतरण्याचं ठाणं होतं. एलिस बेट सुरू झालं १ जानेवारी १८९२ ला. ‘एलिस बेटावर साहेबाने आडनाव बदललं’ ही गोष्ट घरोघरी ऐकू येते, पण तिथले अधिकारी जहाजासोबत आलेल्या यादीवरूनच काम करत. नावं बदलली ती नंतर, शेजारात आणि दुकानात: श्मिटचा स्मिथ, हाइनरिशचा हेन्री. शिवाय घरात तिघांची पहिली नावं योहान असू शकतात. हाक मारायचं नाव दुसरं किंवा तिसरं असे. शोधताना सगळी नावं वापरा. आणि बंदर फक्त न्यूयॉर्क धरू नका, ब्रेमेनहून बॉल्टिमोरला येऊन पुढे रेल्वेने पश्चिमेला गेलेले हजारो आहेत.

अमेरिकन यादीत गाव सहसा नसतं. हाम्बुर्गच्या यादीत ते असतं. हाम्बुर्गहून सुटलेल्यांच्या १८५० ते १९३४ च्या याद्या शाबूत आहेत आणि तिथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. इंग्लंडमार्गे गेलेल्यांच्या याद्या वेगळ्या बांधल्या आहेत, त्याही पाहाव्यात. एन्सेस्ट्री या सशुल्क संकेतस्थळावर त्या आहेत, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत एन्सेस्ट्री फुकट वापरता येतं. ब्रेमेनच्या एकोणिसाव्या शतकातल्या याद्या मात्र जवळजवळ सगळ्या गेल्या. जागा नाही म्हणून जुन्या याद्या तिथे नष्टच केल्या जात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण निम्म्या घराण्यांचं उत्तर त्या कागदांत होतं.

गाव मिळाल्यावर

१९१२ चं मायर्स गॅझेटियर आता फुकट शोधता येतं. गाव टाकलं की त्याचा जिल्हा आणि सरकारी नोंदणी कचेरी, म्हणजे श्टांडेसआम्ट, कुठली ते कळतं. गावाला स्वतःचं चर्च होतं की पलीकडच्या गावात जावं लागे, हेही त्यात दिलेलं असतं. आम्ही ही पायरी गाळली आणि पहिलं पत्र त्याच नावाच्या दुसऱ्याच गावाला गेलं. तीन महिने गेले.

कोणाला नोंद मिळते, याचा नियम स्पष्ट आहे. श्टांडेसआम्टमध्ये जन्माची वही ११० वर्षं, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं राहते. तेवढ्या काळात प्रत मुख्यतः स्वतःला, जोडीदाराला आणि थेट वरच्या-खालच्या पिढ्यांना. नातं सिद्ध करणारे दाखले जोडावे लागतात. मुदत संपली की वही शहराच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेखागारात जाते आणि नात्याचा पुरावा लागत नाही. एकोणिसाव्या शतकातला जन्म असेल तर ती मुदत केव्हाच संपली आहे. पत्र जर्मनमध्ये, चार-पाच ओळींचं, एका वेळी एकाच माणसाबद्दल.

१८७४-७६ पूर्वीचा जन्म असेल तर चर्चच्या वह्या. त्यांची छायाचित्रं संकेतस्थळांवर आहेत: कॅथलिक वह्यांसाठी मात्रिकुला, फुकट. प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्खिऑन, सशुल्क. फॅमिलीसर्च दोन्हींसाठी, फुकट. व्युर्टेंबर्गवाल्यांचं नशीब चांगलं: तिथे १८०८ पासून चर्चमध्ये कुटुंबनिहाय नोंदवही आहे, आणि देशांतर केलेल्यांची सूची बाडेन-व्युर्टेंबर्गच्या राज्य अभिलेखागाराने संकेतस्थळावर ठेवली आहे.

आमचं गाव पोमर्नचं, पूर्वेकडचं. रेगेनवाल्डेचं नाव आज रेस्को आहे आणि तो भाग १९४५ पासून पोलंडमध्ये आहे. अशा गावांसाठी श्चेचिन आणि कोशालिनची पोलिश सरकारी अभिलेखागारं पाहायची, त्यांच्या संयुक्त संकेतस्थळावर पुष्कळ वह्यांची छायाचित्रं फुकट आहेत. युद्धात अनेक चर्चवह्या नष्ट झाल्या, तेव्हा मूळ वही नसेल तर सरकारजमा झालेली तिची दुसरी प्रत आहे का तेही विचारा.

वही मिळाली तरी ती वाचणं हे वेगळं काम. ती कुरेंट लिपी. ज्यांनी घरातला मोडीतला कागद हातात धरला आहे त्यांना कळेल: भाषा तीच, पण जाणकाराशिवाय अक्षर लागत नाही. कुरेंटमध्ये ‘ई’ आणि ‘एन’ जवळजवळ सारखे दिसतात. आधी गावांची आणि महिन्यांची नावं वाचायला शिका. तेवढ्याने नोंदीचा अर्धा भाग उलगडतो.

जर्मन पासपोर्ट मिळतो का?

गाव सापडलं की घरातला कोणीतरी हे विचारतोच. एकोणिसाव्या शतकात आलेल्यांच्या वंशजांना बहुतेक वेळा नाही. १ जानेवारी १८७१ पासून लागू झालेल्या कायद्याने, सलग दहा वर्षं परदेशात राहिलेला जर्मन आपलं नागरिकत्व गमावत असे, वकिलातीच्या नोंदवहीत नाव घातलं असेल तरच वाचे. ही अट १९१४ पासून गेली. म्हणजे १८८२ मध्ये निघालेल्या माणसाचं नागरिकत्व साधारण १८९२ मध्ये संपलं आणि त्याच्याजवळ राहणाऱ्या अल्पवयीन मुलांचंही. नाझी राजवटीत नागरिकत्व हिरावलेल्यांच्या वंशजांसाठी वेगळी तरतूद आहे, ती या लोकांना लागू होत नाही.

पूर्वज १९०४ नंतर निघाला असेल आणि पुढच्या पिढीच्या जन्माआधी अमेरिकन नागरिक झाला नसेल, तरच पुढे जा. अर्ज कलोनच्या फेडरल प्रशासन कार्यालयाकडे, जवळच्या जर्मन वकिलातीमार्फत: ‘एफ’ हा मुख्य अर्ज, प्रत्येक पूर्वजासाठी ‘व्ही’ हे परिशिष्ट, दर पिढीचे जन्म आणि लग्नाचे दाखले, आणि पूर्वज केव्हा नागरिक झाला किंवा झालाच नाही याचा अमेरिकन पुरावा. व्याह्यांच्या बाबतीत आम्ही तारखा मांडून पाहिल्या आणि हा अर्ज केला नाही.