निसटता विजय

निवडणुकीत, सभागृहातील मतदानात किंवा क्रीडास्पर्धेत अत्यल्प फरकाने मिळालेला विजय. किती फरकाला अत्यल्प म्हणावे याचे प्रमाण ठरलेले नाही. लोकसभेच्या मतदारसंघात लाखो मते मोजली जातात, त्यामुळे तेथे पाचशे मतांचा फरकही निसटता गणला जातो. ग्रामपंचायतीच्या प्रभागात पाच मतांच्या फरकाचे कोणाला नवल वाटत नाही. एखाद्या नियमाचा अर्थ वेगळा लावला असता तर निकालच फिरला असता, इतक्या जवळच्या विजयांचा विचार प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे केला आहे.

संज्ञा : ‘निसटता’ हे ‘निसटणे’ या क्रियापदापासून झालेले विशेषण. ‘निसटता विजय’ म्हणजे हातून निसटू पाहणारा, पण अखेर राखलेला विजय, असा अर्थ सहसा लावतात. मात्र वृत्तपत्रे ‘निसटता पराभव’ असेही लिहितात आणि तेथे जे निसटले ते पराभव नसून विजय असतो. म्हणून हे विशेषण निकालापेक्षा लढतीच्या स्वरूपाला लागते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘काठावरचा विजय’ हा प्रयोग परीक्षेत काठावर उत्तीर्ण होण्यावरून आला असावा. फरक सांगण्याची मराठीची स्वतःची रीत ‘राखून’ या शब्दात आहे : तीन गडी राखून, एक गुण व दोन मिनिटे राखून. शिल्लक काय उरले ते सांगून विजय मोजण्याची ही पद्धत धावांनी किंवा मतांनी फरक सांगण्यापेक्षा वेगळी आहे.

समान मते : फरक शून्यावर येतो तेव्हा काय करावे, याचे उत्तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 65 मध्ये आहे. मोजणीअंती उमेदवारांची मते समान निघाली आणि आणखी एका मताने त्यांपैकी कोणी निवडून येणार असेल, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने लगेच चिठ्ठी टाकून निर्णय करावा आणि ज्याच्या वाट्याला चिठ्ठी येईल त्याला एक जादा मत मिळाले असे मानून पुढे जावे, अशी तरतूद आहे. म्हणजे कायदा समान मतांवर विजयी घोषित करत नाही. आधी एक मत कल्पितो आणि मग बहुमताचाच नियम लावतो. निवडणूक याचिकेच्या सुनावणीत मते समान आढळली, तर कलम 102 प्रमाणे अधिकाऱ्याने आधी काढलेल्या चिठ्ठीचा निर्णय कायम राहतो. तसा निर्णय झालेला नसेल तर उच्च न्यायालयच चिठ्ठीने निर्णय करते.

चिठ्ठीच्या पद्धतीचा संबंध काही लेखक उत्तरमेरूर (तमिळनाडू) येथील पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, म्हणजे दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिलालेखांशी जोडतात. तेथे ग्रामसभेच्या समित्यांसाठी पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांवर लिहून घटात टाकत व लहान मुलाकडून एक उचलून घेत. ही नोंद मोलाची आहे, परंतु तेथे चिठ्ठी हीच निवड होती. समान मते फोडण्याचा प्रश्न नव्हता. आजच्या तरतुदीचा उगम इंग्रजी निवडणूक कायद्याच्या परंपरेत शोधणे अधिक योग्य ठरेल.

चिठ्ठीत निघालेले नाव जिंकते की हरते, हा वाद मात्र अलीकडचा आणि खरोखर महत्त्वाचा आहे. 27 फेब्रुवारी 2024 रोजी हिमाचल प्रदेशातील राज्यसभेच्या एका जागेसाठी 68 आमदारांनी मतदान केले. काँग्रेसचे अभिषेक मनु सिंघवी व भाजपचे हर्ष महाजन यांना प्रत्येकी 34 मते पडली. चिठ्ठी काढली तेव्हा सिंघवींचे नाव निघाले आणि महाजन विजयी घोषित झाले. कारण राज्यसभेची निवडणूक एकल संक्रमणीय मतपद्धतीने, म्हणजे मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम देण्याच्या पद्धतीने होते व तिला निवडणूक संचालन नियम, 1961 मधील नियम 75 लागू केला गेला. अखेरचे दोन उमेदवार समान मतांवर असतील तर कोणाला वगळावे हे चिठ्ठीने ठरवावे, असे तो नियम सांगतो. सिंघवी यांनी याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. चिठ्ठीत ज्याचे नाव निघते तो जिंकतो ही सर्वत्र रूढ समजूत आहे आणि नियमाचा अर्थ तिच्याशी विसंगत लावता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. दुसरी बाजू नियमाच्या शब्दांकडे बोट दाखवते : या पद्धतीची सारी रचनाच शेवटच्याला वगळत जाण्याची आहे, तेव्हा चिठ्ठीही वगळण्यासाठीच. शब्दरचना पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. संधी दोघांनाही सारखीच असते. परंतु दोन निवडणुकांत एकाच कृतीचा अर्थ उलटा होत असेल, तर चिठ्ठीची घडी उघडण्यापूर्वी तो उमेदवारांना मोठ्याने सांगितला गेलाच पाहिजे.

याच पद्धतीत एकाहून अधिक जागा भरायच्या असतील तेव्हा एका मताचे मूल्य 100 धरतात. गुजरातेतील ऑगस्ट 2017 च्या राज्यसभा निवडणुकीत त्याने फरक किती सूक्ष्म होऊ शकतो ते दिसले. तीन जागांसाठी 176 मते पडली होती. सर्व वैध ठरती तर निवडून येण्यास आवश्यक कोटा 17,600 ला 4 ने (जागांपेक्षा एक जास्त) भागून त्यात 1 मिळवून, म्हणजे 4,401 झाला असता. काँग्रेसचे अहमद पटेल यांची 44 मते म्हणजे 4,400. मतपत्रिका इतरांना दाखवल्यावरून दोन आमदारांची मते निवडणूक आयोगाने मध्यरात्रीच्या सुमारास बाद केली. कोटा 4,351 वर आला व पटेल निवडून आले.

एका मताचे निकाल : थेट निवडणुकीत एका मताने लागलेले दोन निकाल नेहमी उद्धृत होतात. 2004 मध्ये कर्नाटकातील संतेमरहळ्ळी येथे आर. ध्रुवनारायण यांनी ए. आर. कृष्णमूर्ती यांना 40,752 विरुद्ध 40,751 मतांनी, तर 2008 मध्ये राजस्थानातील नाथद्वारा येथे कल्याणसिंह चौहान यांनी सी. पी. जोशी यांना 62,216 विरुद्ध 62,215 मतांनी हरवले. पराभूत उमेदवाराच्या जवळच्याच कोणी मत दिले नव्हते, अशा कथा दोन्ही ठिकाणी सांगतात. एका मताच्या निकालात मत न देणारा प्रत्येक जणच कारण ठरतो, हे अशा कथांत विसरले जाते. लोकसभेत 17 एप्रिल 1999 रोजी अटलबिहारी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव 269 विरुद्ध 270 असा फेटाळला गेला. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले, पण खासदारकी न सोडलेले गिरिधर गमांग यांचे मत ठरावाविरुद्धच्या मतांत होते. मते समान झाली असती तर संविधानाच्या अनुच्छेद 100 नुसार अध्यक्षांना निर्णायक मत द्यावे लागले असते.

महाराष्ट्र : मुंबई महापालिकेच्या फेब्रुवारी 2017 मधील निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर व भाजपचे अतुल शाह यांना प्रत्येकी 5,946 मते मिळाली, चिठ्ठी शाह यांच्या बाजूने गेली. अंतिम बलाबल शिवसेना 84, भाजप 82 असे होते, त्यामुळे त्या एका चिठ्ठीचे वजन प्रभागापुरते नव्हते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर 48 मतांनी विजयी झाले. येथे आकड्यांची फोड पाहण्यासारखी आहे. मतदान यंत्रांवर अमोल कीर्तिकर यांना 4,51,095 व वायकर यांना 4,51,094, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत वायकर यांना 1,550 व कीर्तिकर यांना 1,501. फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असल्याने ती पुन्हा तपासावी लागली. प्रदत्त मतांचा, म्हणजे आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळल्यावर मतदाराने दिलेल्या मतांचा मुद्दाही याचिकेत आला. ही मते नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, ती पाकिटात बंद राहतात. उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये याचिका फेटाळली. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्य येथे 162, तर साकोलीत 208 मतांनी निकाल लागला.

क्रिकेट : धावा समान होणे व सामना बरोबरीत सुटणे या दोन गोष्टी एक नव्हेत. शेवटी खेळणाऱ्या संघाचा डाव पूर्ण झाला असेल तरच बरोबरी. नाहीतर कसोटी अनिर्णित. नोव्हेंबर 2011 मध्ये वानखेडे मैदानावर भारत व वेस्ट इंडीज यांच्या दोन्ही डावांच्या एकूण धावा प्रत्येकी 724 झाल्या. शेवटच्या चेंडूवर दुसरी धाव घेताना अश्विन धावबाद झाला, परंतु तो नववा गडी होता. एक गडी शिल्लक राहिल्याने सामना अनिर्णित. याउलट 1986 मध्ये मद्रास येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचा शेवटचा गडी मनिंदर सिंग पायचीत झाला तेव्हा डाव संपला होता, म्हणून ती बरोबरी. 1960 च्या ब्रिस्बेन कसोटीनंतरची ही दुसरी बरोबरी.

रणजी करंडकाच्या मे 1991 मधील अंतिम सामन्यात हरयाणाने मुंबईला वानखेडेवरच दोन धावांनी हरवले. लक्ष्य 355, मुंबई सर्वबाद 352. तेंडुलकरच्या 96 धावा झाल्या होत्या. वेंगसरकर 139 वर नाबाद राहिले आणि शेवटचा गडी धावबाद झाल्यावर त्यांना अश्रू आवरले नाहीत. मुंबईच्या जुन्या प्रेक्षकांना हा पराभव अनेक विजेतेपदांपेक्षा जास्त आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे.

रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी निर्णायक ठरते. 2024-25 च्या हंगामात केरळ उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर एका धावेच्या (281 विरुद्ध 280), तर उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांच्या (457 विरुद्ध 455) आघाडीने पुढे गेला. गुजरातचा शेवटचा गडी ज्या झेलावर बाद झाला, तो चेंडू शॉर्ट लेगच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून स्लिपमध्ये गेला होता. 2017 पूर्वीच्या नियमांनी तो झेल ग्राह्य धरला गेला नसता. नागपूरच्या अंतिम सामन्यात मात्र 37 धावांची आघाडी विदर्भाकडे राहिली व करंडक विदर्भाने जिंकला. 2019 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धावा व सुपर ओव्हर दोन्ही समान झाल्यावर इंग्लंड 26 विरुद्ध 17 चौकार-षटकारांच्या गणनेवर विजेता ठरला. तो निकष त्याच वर्षी रद्द झाला.

इतर खेळ : खो-खोत गुण समान झाल्यास अलाहिदा (जादा) डाव आणि त्यातही बरोबरी राहिल्यास लघुत्तम आक्रमण घेतात, म्हणजे पहिला गडी बाद करण्यास कोणाला कमी वेळ लागला ते पाहतात. कबड्डीत पाच-पाच चढायांनंतरही बरोबरी राहिल्यास सुवर्ण चढाई, म्हणजे निर्णायक चढाई होते. धावण्याच्या शर्यतीत डोके, हात किंवा पाय नव्हे, तर धड अंतिम रेषेवर केव्हा पोहोचले ते मोजतात. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांना 55.42 सेकंद लागले, कांस्यपदक 55.41 ला गेले.