बंगाल-नागपूर रेल्वेचा बलराम

१९६३ साली कोलकात्यात आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकणाऱ्या संघाच्या नावात नागपूर होतं. तो संघ म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वे, म्हणजेच बीएनआर. त्याच वर्षी कोलकात्याचाच ईस्ट बंगाल क्लब सोडून बीएनआरमध्ये आलेला खेळाडू होता तुलसीदास बलराम. भारतीय संघाचे आक्रमक खेळाडू चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी यांच्याबरोबरीने ज्याचं नाव घेतलं जातं, तो हा तिसरा. सत्ताविशीच्या आसपास त्याचा खेळ थांबला आणि त्याची शेवटची जर्सी बीएनआरची होती. एवढ्या एका कारणासाठी तरी नागपूर-कामठीच्या फुटबॉलवाल्यांना तो माहीत असायला हवा.

आधी नावाचा हिशेब. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली. नागपूर-छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग तिने विकत घेऊन ब्रॉडगेज केला आणि १८९१ पर्यंत नागपूरहून आसनसोलकडे जाणारी मुख्य लाइन पुरी केली. कारभार कोलकात्याच्या गार्डन रीचमधून चाले. १९५२ मध्ये ही रेल्वे पूर्व रेल्वेत विलीन झाली आणि १९५५ मध्ये तिचा भाग वेगळा काढून दक्षिण-पूर्व रेल्वे बनली. आपल्या बाजूची लाइन २००३ पासून दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेकडे आहे. कंपनी कागदावरून गेली, पण कोलकात्याच्या मैदानावर संघाचं नाव बीएनआरच राहिलं. जुने स्कोअर वाचताना काही जण तो नागपूरचा संघ समजतात. तो कोलकाता लीगमधला रेल्वे कर्मचाऱ्यांचा संघ होता. नागपूरशी त्याचं नातं होतं ते रुळांमुळे आणि नावामुळे.

नावाजलेले खेळाडू अशा संघात का जात, हेही समजून घ्यावं लागतं. त्या काळचं भारतीय फुटबॉल कागदोपत्री हौशी होतं. क्लबला पगार देता येत नसे, आणि जे काही हातात पडे त्याची हमी नसे. गुडघा गेला की सगळं संपलं. रेल्वेत मात्र पगार, प्रॉव्हिडंट फंड, पास, क्वार्टर आणि रेल्वेचा दवाखाना मिळे, शिवाय सामन्यांसाठी रजा. पी. के. बॅनर्जी अखेरपर्यंत पूर्व रेल्वेकडूनच खेळले. बचावपटू अरुण घोष बीएनआरचे. मोठे क्लब सोडून रेल्वेत जाणं ही उतरती पायरी नव्हती.

बलरामचा जन्म १९३६ चा, सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा, एका गरीब तमिळ कुटुंबातला. त्याचे पहिले बूट मोच्याने पोलिसांच्या टाकाऊ बुटांपासून बनवले होते. तेव्हाच्या बुटाची बांधणी माहीत असेल तर यात किती अडचण होती ते लक्षात येतं. फुटबॉलचा बूट घोट्यापर्यंत उंच, पुढचं टोक कडक, आणि तळाला चामड्याच्या चकत्या एकावर एक ठेवून केलेले स्टड. ते खिळ्यांनी ठोकलेले असत. चामडं झिजलं की खिळ्याचं टोक आत तळव्याला लागे. मग बूट लोखंडी साच्यावर चढवून टोक आतून चपटं करायचं आणि वर चामड्याची पट्टी घालायची. पोलिसी बुटाचा तळ आधीच झिजलेला, त्यामुळे खिळा धरायला जाडीच कमी. काळ्या मातीवर पावसात खेळणाऱ्याला आणखी एक त्रास कळेल: स्टडच्या मधल्या जागेत चिखल भरला की तळ सपाट होतो, पकड जाते आणि पाय जडावतो. हाफटाइमला काडीने चिखल काढणं हे बूट घालण्याइतकंच जरुरीचं काम होतं.

बुटांचा प्रश्न त्या काळी साधा नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे थोडक्यात हरले. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ ने धुलाई केली. त्यानंतरच बूट सक्तीचे झाले. बलरामची पिढी ही बुटात वाढलेली पहिली पिढी.

चेंडूही वेगळा होता. चामड्याचे तुकडे शिवलेले, आत रबरी ब्लॅडर, आणि तोंड वादीने आवळलेलं. नियमानुसार वजन १४ ते १६ औंस, म्हणजे साधारण ४०० ते ४५० ग्रॅम, पण ते सामन्याच्या सुरुवातीचं. चामडं पाणी पितं, म्हणून पावसात तोच चेंडू दुसऱ्या हाफमध्ये बराच जड होई आणि त्यावर नियमाचं बंधन नसे. उपाय म्हणजे आदल्या दिवशी चरबी-मेणाचं मलम शिवणीत चोळून भरायचं. ते जास्त झालं तर चेंडू निसटतो, कमी झालं तर शिवणीतून पाणी आत जातं. वादीची बाजू कपाळावर आली तर कातडी सोलून निघे. त्या काळातले लांब क्रॉस आणि हेडरचे गोल मोजताना हे ध्यानात ठेवावं.

बलरामला घडवलं हैदराबादचे आणि भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी. पोरगा गुणी, पण सरावाला यायला सायकलचं भाडं नाही, म्हणून रहीम यांनी त्याला रोजचा एक रुपया दिला. रहीम यांची पद्धत आजही कुठल्याही मैदानावर उतरवता येईल अशी आहे. त्यांनी हैदराबादेत ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा घेतल्या: चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा. फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा घेतल्या, कारण उजव्या पायाचा खेळाडू डावीकडे दाबला गेला की चेंडू उजवीकडे ओढण्यात अर्धा सेकंद घालवतो आणि तेवढ्यात बचावपटू पोहोचतो. उंचीची मर्यादा घातलेल्या स्पर्धाही झाल्या, म्हणजे लहान चणीची मुलं धक्काबुक्कीत चिरडून जाऊ नयेत. बलरामचे दोन्ही पाय सारखे चालत, ते याच शिस्तीतून. मूळ जागा इनसाइड फॉरवर्डची, म्हणजे आक्रमणात मधल्या आणि कडेच्या खेळाडूंच्या मधली, पण रहीम यांनी चार-दोन-चार रचनेत (चार बचावाला, दोन मध्यात, चार पुढे) त्याला डाव्या बगलेवरही खेळवलं. मागे येऊन चेंडू घ्यायचा आणि समोरच्या बचावपटूला आपल्यामागे ओढून आणायचं हे त्याचं काम. तो बाहेर आला की मागे मोकळी पडलेली जागा दुसऱ्याने धरायची.

या मांडणीचं खरं मोल कळण्यासाठी सामन्याचा वेळ बघावा लागतो. भारतातले देशांतर्गत सामने तेव्हा ७० मिनिटांचे असत, ३५-३५ चे दोन हाफ. आंतरराष्ट्रीय सामना ९० मिनिटांचा. म्हणजे वर्षभर ७० मिनिटांची सवय असलेलं शरीर ऑलिंपिकला गेलं की शेवटची २० मिनिटं अनोळखी. पोटऱ्यांत गोळे येतात, धाव आखूड होते, चेंडू पायापासून लांब सुटू लागतो. बदली खेळाडूची सोय नसल्याने गोळा आलेल्याला बगलेवर लंगडत उभं करून दहा जणांत सामना ओढायचा. रहीम यांचं छोट्या पासचं फुटबॉल हे या दुखण्यावरचं औषध होतं: पळायचं ते चेंडूने, माणसाने नव्हे.

१९६० च्या रोम ऑलिंपिकचे आकडे या नजरेने पाहा. हंगेरीविरुद्ध भारत १-२ ने हरला, बलरामचा गोल ७९ व्या मिनिटाला. फ्रान्सशी १-१ बरोबरी, बॅनर्जींचा गोल ७१ व्या मिनिटाला. पेरूविरुद्ध १-३ हार, बलरामचा गोल ८८ व्या मिनिटाला. रोममधले भारताचे तिन्ही गोल सत्तरीनंतरचे! ज्या वेळेला घरचे सामने संपलेले असत, त्या वेळेला हे गोल होत होते. दोन गोलांनी पुढे असलेली हंगेरी थोडी सैलावली असणार हे मान्य. पण त्याच हंगेरीने फ्रान्सला ७-० आणि पेरूला ६-२ असं झोडपलं होतं, हेही त्यासोबत वाचावं लागतं. भारत गटात शेवटचा आला, म्हणून रोमची मोहीम अपयशी अशी नोंद होते. आमच्या मते भारतीय संघाने खेळलेलं ते सर्वांत कसदार फुटबॉल होतं.

दोन वर्षांनी जकार्तात त्याचं फळ मिळालं. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ ने गेला. मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० ने हरवलं. जपानविरुद्धचा एक गोल बलरामचा. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले होते. त्याला बचावात ठेवलं तर दर हेडरला जखम उघडायची भीती, म्हणून रहीम यांनी त्याला सेंटर फॉरवर्डला नेलं आणि बचाव अरुण घोषवर सोपवला. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२, आणि ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात त्याच कोरियाविरुद्ध २-१. अंतिम सामन्यात गोल बॅनर्जी आणि जर्नेलसिंगचे. स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं, कारण इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारल्यावरून भारतीय पदाधिकाऱ्याने घेतलेल्या हरकतीने यजमान दुखावले होते.

क्लबच्या बाजूने पाहिलं तर १९५७ पासूनचा ईस्ट बंगालचा काळ बलरामचा सर्वांत भरभराटीचा. १९६१ मध्ये तो कर्णधार होता, संघाने लीग जिंकली आणि लीगमध्ये त्याचे २३ गोल होते. राज्यांच्या संघांमधला संतोष करंडक त्याने हैदराबाद आणि बंगाल या दोन्ही संघांतून उचलला. १९६२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

मग १९६३. जूनमध्ये रहीम कर्करोगाने गेले. त्याच सुमारास बलरामला फुप्फुसाचा आजार निघाला. मागे येऊन चेंडू घेणं, वळणं आणि पुन्हा पुढे धावणं या खेळात दर वेळी खोल श्वास लागतो. छातीत दुखणाऱ्याला तीच गोष्ट जमत नाही. बगलेवर उभं राहून क्रॉस मारणारा कदाचित आणखी दोन हंगाम रेटून नेतो. बलरामच्या खेळाचा कणाच धावण्याचा होता, म्हणून त्याला थांबावं लागलं. बॅनर्जी आणि गोस्वामी त्याच्यानंतरही खेळत राहिले.

चुनी गोस्वामींना १९८३ मध्ये पद्मश्री मिळाली, बॅनर्जींना १९९० मध्ये. बलरामला कोणताच पद्म पुरस्कार मिळाला नाही आणि ती खंत त्याने बोलून दाखवली होती. बॅनर्जी आणि गोस्वामी २०२० मध्ये चाळीसेक दिवसांच्या अंतराने गेले; बलराम १६ फेब्रुवारी २०२३ रोजी कोलकात्यात, ८६ व्या वर्षी.

नागपुरात करता येण्याजोगं एक काम आहे. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय याच जुन्या रेल्वेचा वारसा जपतं. तिथे १९६३ च्या शील्ड विजेत्या बीएनआर संघाचं छायाचित्र खेळाडूंच्या नावांसह लागावं, आणि रेल्वेच्या मैदानावर होणाऱ्या मुलांच्या एखाद्या स्पर्धेला बलरामचं नाव मिळावं. त्या स्पर्धेत एक सामना फक्त कमजोर पायाने खेळायचा ठेवला, तर कामठीच्या पोरांना त्याचा उपयोगच होईल.