आतड्यातून दुधात: डुकरांच्या कळपाची प्रतिकारशक्ती

साथ येऊन गेली की कळप ‘तयार’ होतो, पुढची काही वर्षं चिंता नाही, असं जनावरं पाळणाऱ्यांकडून सर्रास ऐकायला मिळतं. कोविडच्या काळात ‘हर्ड इम्युनिटी’ हा शब्द घरोघरी पोचला, तेव्हापासून हा समज आणखीच पक्का झाला आहे. पण प्रतिकारशक्ती असते ती एकेका जनावराची. शिवाय कळपात रोज जी नवी पिल्लं जन्माला येतात, त्यांच्याकडे ती नसतेच. अमेरिकेतल्या वराहपालकांना हे २०१३ मध्ये फार मोठी किंमत मोजून कळलं.

त्या वर्षीच्या वसंतात तिथे पोर्साइन एपिडेमिक डायरिया, म्हणजे पीईडी, हा आजार पहिल्यांदा सापडला. हा विषाणू करोना कुळातला आहे, पण तो माणसाला होत नाही. इंग्लंडमध्ये हा आजार १९७१ पासून माहीत होता आणि आशियातही त्याने धुमाकूळ घातला होता. अमेरिकेतल्या डुकरांचा मात्र त्याच्याशी कधीच संबंध आलेला नव्हता. साधारण वर्षभरात अंदाजे ७० लाख पिल्लं दगावली.

मोठी डुकरीण या आजारात काही दिवस खाणं सोडते, हगवण लागते आणि मग ती उठून उभी राहते. आठवड्याच्या आतलं पिल्लू मात्र जवळजवळ हमखास मरतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषणारे बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात. विषाणू नेमक्या त्यांच्यावरच्या पेशी मारतो. रसांकुर झिजून आखूड होतात, प्यायलेलं दूध न पचताच बाहेर पडतं आणि पिल्लू पाण्याअभावी सुकत जातं. दूध तोडलेल्या पिल्लाच्या आतड्याचं अस्तर दोन-तीन दिवसांत नवं येतं. नवजात पिल्लाला त्यासाठी पाच ते सात दिवस लागतात आणि तेवढे दिवस ते तग धरत नाही.

मग पिल्लालाच लस का टोचू नये? कारण लशीतून प्रतिपिंडं, म्हणजे विशिष्ट रोगजंतूला अडवणारी प्रथिनं, तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवसांचं संरक्षण आईकडूनच यायला हवं. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं वारेतून मिळतात, डुकराच्या पिल्लाला मिळत नाहीत. डुकरिणीच्या वारेत आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामध्ये ऊतींचे सहा थर असतात आणि प्रतिपिंडं ते ओलांडू शकत नाहीत. म्हणून पिल्लू जवळजवळ कोऱ्या रक्ताने जन्मतं आणि चिकावर अवलंबून असतं. चिकात मुख्यतः आयजीजी जातीची प्रतिपिंडं असतात. पहिल्या दिवसभरात ती आतड्यातून अख्खीच्या अख्खी रक्तात शिरतात, नंतर आतडं त्यांना आत घेत नाही.

पण पीईडीचा विषाणू रक्तात नव्हे, आतड्याच्या पृष्ठभागावर काम करतो. तिथे रक्तातल्या आयजीजीचा उपयोग थोडाच. तिथे लागतं आयजीए, म्हणजे दुसऱ्या जातीचं प्रतिपिंड. ते रक्तात न जाता आतड्याच्या पोकळीतच राहतं आणि विषाणू पेशीला चिकटण्याआधी त्याला अडवतं. तेही एकदा देऊन भागत नाही. पिल्लं साधारण दर तासाला आचळाला लागतात आणि प्रत्येक वेळी दुधाबरोबर आयजीएचा ताजा थर आतड्यात पोचतो.

हे आयजीए दुधात येतं कुठून? मला या सगळ्या विषयातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. गाभण डुकरिणीच्या आतड्यात विषाणू शिरला की तिथल्या लसिकाग्रंथींमधल्या बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी, त्याला ओळखतात आणि आयजीए बनवायच्या कामाला लागतात. यातल्या काही पेशी आतड्यात थांबत नाहीत, त्या रक्तात उतरतात. त्यांच्या पृष्ठभागावर अल्फा-४-बीटा-७ आणि सीसीआर-१० नावाची प्रथिनं असतात. ही प्रथिनं म्हणजे पत्रावरचा पिनकोड समजा. विताना कासेच्या ऊतींमध्ये सीसीएल-२८ हा रासायनिक संकेत वाढतो आणि हा पिनकोड असलेल्या पेशी तिथे उतरून मुक्काम ठोकतात. त्या दोन-दोन रेणू जोडलेलं आयजीए बनवतात. कासेतल्या पेशी त्यांच्या पृष्ठभागावरच्या एका ग्राहकाच्या, म्हणजे आयजीए पकडणाऱ्या प्रथिनाच्या (रिसेप्टर), मदतीने ते उचलून दुधात सोडतात आणि सोडताना त्या ग्राहकाचा एक तुकडा त्याला चिकटलेला ठेवतात. त्या तुकड्यामुळे पिल्लाच्या पोटातले पाचकरस हे प्रतिपिंड सहजासहजी तोडू शकत नाहीत. आईच्या आतड्याने जो विषाणू पाहिला, नेमक्या त्याच्याच विरुद्धचं हत्यार पिल्लाच्या आतड्यात पोचतं!

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एडवर्ड बोल आणि लिंडा सैफ यांनी १९७० च्या दशकात टीजीई या डुकरांच्याच दुसऱ्या करोना आजारावर काम करताना हा आतडं-कास संबंध दाखवून दिला. स्नायूत टोचलेली लस डुकरिणीच्या रक्तात भरपूर आयजीजी तयार करते, पण त्यातून दुधात टिकणारं आयजीए फारसं येत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत पीईडीच्या लशींना सशर्त परवाने मिळाले. त्यांचा फायदा प्रामुख्याने आधी संसर्ग होऊन गेलेल्या डुकरिणींची जुनी प्रतिकारशक्ती जागी करण्यापुरता दिसला. म्हणूनच साथ आली की डुकरिणींच्या आतड्याला मुद्दाम संसर्ग व्हावा यासाठी तिथले पशुवैद्य आजारी पिल्लांची आतडी किंवा विष्ठा कालवून गाभण डुकरिणींच्या खाण्यात मिसळत. ऐकायला किळसवाणं, पण यामागचं शास्त्र पक्कं आहे. धोकाही खरा आहे, कारण त्याबरोबर दुसरे रोगजंतूही कळपभर पसरू शकतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माणसाच्या आईच्या चिकातही आयजीए भरपूर असतं. तरीही पहिलं दूध ‘जड’ किंवा ‘वाईट’ म्हणून पिळून टाकायचं आणि बाळाला मध चाटवायचा, हा प्रकार आपल्याकडे अजून पुरता थांबलेला नाही. खरवसासाठी गाईचा चीक शोधत फिरणाऱ्यांनी स्वतःच्या बाळाचा चीक फेकावा, हे थांबलंच पाहिजे. आणि ‘इम्युनिटी वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णं कोणत्या विषाणूविरुद्ध, कोणतं प्रतिपिंड, शरीरात कुठे वाढवतात, हे विकणाऱ्याला जरूर विचारावं.

आता कळपाकडे येऊ. सगळ्या डुकरिणींना एकाच वेळी संसर्ग झाला की तीन-चार आठवड्यांनी विणाऱ्या डुकरिणींच्या दुधात पुरेसं आयजीए येऊ लागतं आणि पिल्लांचे मृत्यू घटतात. पण ही स्थिती टिकत नाही. पिल्लांना मिळालेलं संरक्षण उसनं असतं, दूध तुटलं की तेही संपतं. डुकरिणींची स्वतःची प्रतिकारशक्ती महिन्यागणिक उतरते. त्यातच मोठ्या फार्मवर दरवर्षी चाळीस-पन्नास टक्के डुकरिणी बदलल्या जातात. त्यांच्या जागी येणाऱ्या तरुण माद्यांनी विषाणू पाहिलेलाच नसतो. विषाणू शेडच्या कोपऱ्यात, ट्रकच्या चाकांवर, शेणखड्ड्यात दबा धरून असला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून साथीनंतर कळप काही महिने बंद ठेवतात, बाहेरून मादी आणत नाहीत. नंतर आणलेल्या माद्यांना वेगळं ठेवूनच मुख्य कळपात घेतात. त्यांची प्रतिकारशक्ती कधी जागवावी, यालाही महत्त्व आहे. डुकरिणीचा गाभणकाळ ११४ दिवसांचा. ओहायोतल्याच प्रयोगांत मधल्या टप्प्यात संसर्ग झालेल्या माद्यांच्या पिल्लांना सर्वांत चांगलं संरक्षण मिळालं, शेवटच्या टप्प्यात झालेल्यांच्या पिल्लांना बरंच कमी. तोंडावाटे देता येईल आणि आजार न करता आतड्याला विषाणूची ओळख करून देईल, अशी लस बनवण्याचे प्रयत्न याच कारणाने सुरू आहेत.