दुकानात नीट चालतो, घरी बंद पडतो
घरी असेंबल केलेल्या डेस्कटॉपसाठी माहितीपत्रक

घरी जोडलेला डेस्कटॉप मधूनच बंद पडू लागला की बहुतेक जण आधी विंडोज नव्याने टाकतात. त्यात अख्खा रविवार जातो, आणि दोष एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा रॅममध्ये असेल तर सोमवारी संध्याकाळी तीच निळी स्क्रीन पुन्हा हजर. दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे नुसते कॅबिनेट उचलून दुकानात आणणे. आमच्या टेबलावर खोली थंड असते, अर्थिंग पक्के असते, वीज स्थिर असते. मशीन दिवसभर निमूट चालते आणि ‘दोष आढळला नाही’ एवढ्याच शेऱ्यावर परत जाते. म्हणून निम्मा तपास घरीच, जिथे ते बंद पडते त्याच जागी करावा लागतो. त्यासाठी एक वही, मोबाइलचा कॅमेरा आणि एक नियम पुरे: एका वेळी एकच बदल. एकाच दिवशी रॅम हलवली, बायोस (मदरबोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) बदलले, ड्रायव्हरही टाकला आणि मशीन सुधारले, तर ते कशाने सुधारले हे कधीच कळत नाही.

बंद पडताना नेमके काय दिसते?

वहीत आधी हेच लिहा: वेळ, त्या वेळी काय चालू होते, आणि शेवटच्या क्षणी काय दिसले. मेन स्विच पाडल्यासारखा एकदम अंधार झाला, निळी स्क्रीन आलीच नाही, तर वीज, एसएमपीएस, शॉर्ट किंवा अति तापणे याकडे बघायचे. स्क्रीन काळी पण पंखे चालू, आवाज अजून येतोय किंवा एकाच सुरावर अडकलाय, तर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. निळी स्क्रीन आली तर विंडोजला निदान चूक कळली आणि ती नोंदवायला वेळ मिळाला, ही चांगली गोष्ट. माउससकट सगळे गोठले तर रॅम, एसएसडी किंवा प्रोसेसर.

निळी स्क्रीन वाचण्याआधीच मशीन रीस्टार्ट होत असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. पुढच्या वेळी स्क्रीन थांबून राहील; फोटो काढा. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे नाव आले तर रॅमपासून सुरुवात करा. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणजे ग्राफिक्स. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ बहुधा प्रोसेसर, त्याचे व्होल्टेज किंवा ओव्हरक्लॉक (नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) दाखवते. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असेल तर एसएसडी आणि तिची केबल बघा. दर वेळी वेगळेच नाव येत असेल तर संशय पुन्हा रॅमवरच जातो.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद बघून अनेक जण थेट नवा एसएमपीएस घ्यायला येतात. ही नोंद म्हणजे मृत्यूचा दाखला. कारण त्यात लिहिलेले नसते. विंडोज नीट शटडाउन झाले नाही, एवढेच ती सांगते. तिच्या ‘डिटेल्स’मध्ये बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या चुकीचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळाला नाही, म्हणून विजेकडे आधी बघायचे. पण गोठलेले मशीन तुम्ही स्वतः बटण दाबून धरून बंद केले असेल तरीही तिथे शून्यच दिसते. वही इथे कामाला येते.

वीज, अर्थिंग, यूपीएस

दुकानात न दिसणारा दोष लपण्याची ही सगळ्यात मोठी जागा. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत आणि वाड्यांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे तार असेलच असे नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात का? एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसताना कॅबिनेटवर साधारण निम्मे, म्हणजे ११० ते ११५ व्होल्ट तरंगत राहतात. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ त्याहून बरेच जास्त असेल तर कॉम्प्युटरवर खर्च करण्याआधी वायरिंग दुरुस्त करून घ्या.

बोरिंगची मोटर, फ्रिज किंवा उन्हाळ्यातला कूलर सुरू होताना मशीन पडते का, हे वहीवरून ताडून बघा. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर नको.

यूपीएसबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सहसा ३६० वॉटपर्यंतच भार घेतो. ऑफिसच्या कामाला तो पुरतो. गेमिंग कार्ड असलेले मशीन पूर्ण भारावर ४०० च्या वर सहज जाते. लाइट असताना काही जाणवत नाही, लाइट गेली की यूपीएस ओव्हरलोड होऊन सोडून देतो. आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते. मग भार कमी असला तरी तेच होते. परीक्षा सोपी आहे: सगळे काम सेव्ह करून यूपीएसची पिन भिंतीतून काढा, एकदा नुसता डेस्कटॉप चालू असताना आणि एकदा गेम चालू असताना. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, आणि ॲक्टिव्ह पीएफसीचे (वीज सुरळीत ओढणाऱ्या सर्किटचे) काही एसएमपीएस अशा विजेवर बंद होतात. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालत असेल तर त्याच्या मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे ना, ते बघा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला इतका वेळ लागतो की ट्यूबलाइट फक्त लुकलुकते, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

आता एसएमपीएस. खोक्यावरचा ‘८० प्लस’ शिक्का विजेची बचत सांगतो. बांधणी किती चांगली आहे याची हमी तो देत नाही. दोन कनेक्टरचे ग्राफिक्स कार्ड असेल तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल ओढा. एकाच केबलला पुढे जोडलेले दुसरे टोक वापरले की सगळा भार एकाच तारेवर येतो. आठ पिनांच्या एका कनेक्टरची मर्यादा १५० वॉट, कार्ड बसते त्या स्लॉटमधून ७५. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. टोक बसते, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग मदरबोर्ड किंवा एसएसडी जळते. एसएमपीएस उघडायचा तर मुळीच नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

घरी करता येणारी परीक्षा: ओसीसीटी हे सॉफ्टवेअर घेऊन आधी फक्त प्रोसेसर, मग फक्त ग्राफिक्स, मग दोन्ही एकत्र तापवा. वेगवेगळे चालते आणि एकत्र सुरू करताच काही सेकंदांत अंधार होतो, तर एसएमपीएस बदलून बघणे रास्त.

उन्हाळा आणि धूळ

मे महिन्यात इंदूरचा पारा ४२ पर्यंत चढतो. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. जानेवारीत ७८ वर चालणारे मशीन मे महिन्यात ९० ला टेकते. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचे आकडे बघा, पण घाबरून नव्हे. रायझेन ७००० मालिका पूर्ण भाराखाली ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेली आहे, इंटेलची मर्यादा बहुधा १००. त्या मर्यादेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. एकदम बंद पडणे त्याच्याही पुढची पायरी. सुरू केल्यापासून मिनिटभरात पारा शंभरी गाठत असेल तर प्रोसेसरवरच्या कूलरच्या बुडाचे प्लास्टिकचे पारदर्शक आवरण काढायचे राहिले, स्क्रू एका बाजूला सैल आहे किंवा लिक्विड कूलरचा पंप फिरत नाही. उलट ७० अंशांवर अंधार होत असेल तर प्रोसेसरच्या उष्णतेला दोष देऊ नका.

खोलीतल्या पाण्याच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. दमट हवा आणि धूळ मिळून बोर्डावर चिकट थर बसतो. रंगपंचमीला, गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) जवळून जात असेल तर, समोरची जाळी झाका आणि दुसऱ्या दिवशी फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून लावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

रॅम

स्वतः जोडलेल्या मशीनमध्ये सगळ्यात आधी तपासावी अशी वस्तू हीच, कारण तपास फुकट होतो. खोक्यावर ३२०० किंवा ६००० लिहिलेला वेग बहुतेक वेळा बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हे रॅमच्या वेगाचे सेटिंग चालू केल्यावरच मिळतो, आणि तो कारखान्यातून ठरवून दिलेला ओव्हरक्लॉकच असतो. ते बंद करा आणि मशीन पूर्वी जितक्या वेळात पडत होते त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ वापरा. पडणे थांबले तर दोष रॅम, बोर्ड आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर यांच्या जोडीत आहे. वेग एक पायरी उतरवून पुन्हा बघा. नव्या बायोसनेही पुष्कळदा काम होते.

दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. खात्रीसाठी बोर्डाचे मॅन्युअल बघा. काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते, त्यामुळे दुसरे टोक अर्धवट बसलेले लक्षात येत नाही. नंतर घेतलेली ‘तीच कंपनी, तोच वेग’ पट्टी आतल्या चिपने वेगळी असू शकते. डीडीआर५ च्या चार पट्ट्या पूर्ण वेगाने चालतील अशी अपेक्षाच ठेवू नका. आणि डीडीआर५ बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटे काळी राहते. तेव्हा मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचे नव्या रॅमशी जुळवून घेणे, चालू असते. घाईने बटण दाबू नका.

मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेवा, चार फेऱ्या. एकही चूक चालत नाही. चूक आली की एकेक पट्टी त्याच स्लॉटमध्ये लावून तपासा: चूक पट्टीबरोबर फिरते की स्लॉटबरोबर, ते कळते.

प्रोसेसर, बोर्ड, कार्ड

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले ६५ वॉट आणि त्यावरचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर हा परिच्छेद जपून वाचा. जास्त व्होल्टेजमुळे त्यांतले काही हळूहळू अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले. खूण विचित्र असते: कार्डात भरपूर मेमरी असताना गेम ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणतो, मोठी झिप फाइल उलगडताना चूक येते. मग लोक ग्राफिक्स कार्ड बदलतात. ऑगस्ट २०२४ पासून आलेल्या मायक्रोकोडसह (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बायोस अद्ययावत करा, पण आधीच झालेली झीज त्याने भरून येत नाही. खोक्यातल्या अशा प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने तीनवरून पाच वर्षे केली आहे, बिल सांभाळा.

पहिल्या पिढ्यांतले रायझेन मशीन काम करताना ठणठणीत पण रिकामे ठेवल्यावर गोठत असेल, तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून ‘टिपिकल करंट आयडल’ निवडा.

बायोस अपडेट करताना मशीन चांगल्या यूपीएसवर हवे, आणि त्याआधी बिटलॉकरची (विंडोजचे डिस्क-कुलूप) रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. विंडोज ११ अपडेटनंतर ती मागू शकते. अपडेटने बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात, हेही लक्षात असू द्या.

नव्याने जोडलेले मशीन पहिल्या दिवसापासून पडत असेल तर बोर्डाखाली जास्तीचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा छोटा खांब) राहून शॉर्ट होतोय का बघा. बोर्ड बाहेर, पुठ्ठ्यावर ठेवून चालवला की उत्तर मिळते.

ग्राफिक्स ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने काढून नवा टाका. तरी स्क्रीन काळी होत असेल तर कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून बघा. तेवढ्याने थांबले तर कार्ड किंवा एसएमपीएस. साटा एसएसडी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये सीआरसी एररचा (डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांचा) आकडा बघा. तो वाढत असेल तर आधी केबल बदला.

दुकानात आणताना

वही, फोटो, बिले, आणि कॅबिनेटबरोबर तुमचा यूपीएस, पॉवर कॉर्ड आणि एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा आणा; आम्ही मशीन त्यांच्यावरच चालवून बघतो. डेटाची प्रत आधी काढून ठेवा. बिटलॉकरची की सोबत असू द्या, पासवर्ड मात्र बदलून तात्पुरता ठेवा. जड ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळे आणा. ते काढणे जमणार नसेल तर कॅबिनेट आडवे, बोर्ड खालच्या बाजूला येईल असे, रिक्षाच्या सीटवर उशी घालून ठेवा.