अदलाबदल अवयवदान, जिवंत दात्यांचे : कायदेविषयक स्वरूप

रुग्णाला अवयव देण्यास राजी असलेला आप्त रक्तगट किंवा ऊतके न जुळल्यामुळे त्याच्यासाठी अपात्र ठरतो, तेव्हा तशाच अडचणीतील दुसऱ्या जोडीशी दात्यांची अदलाबदल करून केलेल्या दानास अदलाबदल अवयवदान म्हणतात. उदाहरणार्थ, एका जोडीत पत्नीचा रक्तगट ए आणि रुग्ण पतीचा बी असेल, तर दुसऱ्या जोडीत दाता बी गटाचा आणि रुग्ण ए गटाचा हवा. तेव्हा प्रत्येक दात्याचे मूत्रपिंड परक्या रुग्णाला जाते. ही कल्पना प्रत्यारोपणतज्ज्ञ फेलिक्स रॅपापोर्ट यांनी 1986 मध्ये मांडली, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्ष कार्यक्रमाचा आरंभ बहुतेक लेखक 1991च्या सुमारास दक्षिण कोरियात झाल्याचे धरतात. युरोपातील पहिले उदाहरण म्हणून 1999 मधील बाझेल (स्वित्झर्लंड) येथील शस्त्रक्रियांचा उल्लेख होतो.

कायद्यापुढील मूळ प्रश्न प्रतिफलाचा, म्हणजे बदल्यात मिळणाऱ्या मोबदल्याचा, आहे. अवयवाची खरेदी-विक्री जवळजवळ सर्वत्र गुन्हा आहे. मग ‘तुझ्या पतीला मी मूत्रपिंड देतो, माझ्या पत्नीला तू दे’ हा व्यवहार विक्री ठरतो काय? करारविषयक कायद्यात प्रतिफल पैशाचेच असावे लागत नाही, वचनाच्या बदल्यात दिलेले वचनही पुरते. त्यामुळे ही शंका केवळ तात्त्विक नव्हती. अमेरिकेच्या 1984च्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण अधिनियमातील कलम 301 ‘मूल्यवान प्रतिफल’ घेऊन अवयव हस्तांतरित करण्यास मनाई करते आणि त्यासाठी 50,000 डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगते. एका पक्षाचे म्हणणे असे की, आप्ताला मिळणारा अवयव हा दात्याच्या दृष्टीने मूल्यवानच असतो. दुसऱ्या पक्षाच्या मते तो शब्दप्रयोग बाजारी देवघेवीपुरता वाचला पाहिजे, कारण अदलाबदलीत दात्याच्या हाती स्वतःसाठी काहीच पडत नाही. अमेरिकी न्याय विभागाने मार्च 2007 मध्ये दुसरे मत उचलून धरले, आणि अधिनियमाचा उद्देश पाहता तेच अधिक सयुक्तिक दिसते. तरीही अभिप्राय म्हणजे कायदा नव्हे. त्यामुळे डिसेंबर 2007 मध्ये चार्ली नॉरवूड यांच्या नावाने संमत झालेल्या दुरुस्तीने युग्मदानाला (जोड्यांमधील अशा अदलाबदलीला) ही मनाई लागू नाही, असे स्पष्ट करण्यात आले. स्वतः फुप्फुस-प्रत्यारोपण झालेले हे लोकप्रतिनिधी त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तले होते.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, 1994 मध्ये अशी तरतूद नव्हती. 2011च्या दुरुस्तीने (अंमल जानेवारी 2014 पासून) कलम 9 मध्ये पोटकलम (3ए) घातले. त्यानुसार दोन्ही दाते आपापल्या रुग्णांचे निकटचे नातेवाईक असावे लागतात, ते त्यांच्यासाठी जैविक दृष्ट्या विसंगत असावे लागतात आणि चौघांनी एकच करार करावा लागतो. अशा दानास मंजुरी देणाऱ्या प्राधिकार समितीच्या पूर्वमंजुरीवाचून अवयव काढता येत नाही. ‘एकच करार’ या शब्दांचे अमेरिकी दुरुस्तीशी असलेले साम्य नजरेत भरते. त्याच दुरुस्तीने निकटच्या नातेवाइकांत आजी-आजोबा व नातवंडे आली; काका, आत्या, मेहुणा मात्र बाहेरच राहिले. केरळ उच्च न्यायालयाने ही मर्यादा सैल करून, समितीची मंजुरी असल्यास निकट नात्याबाहेरील दात्यालाही वाव असल्याचे म्हटले आहे.

नात्याची अट युरोपातही वादग्रस्त ठरली. जर्मनीच्या 1997च्या कायद्यातील कलम 8 ने जिवंत दात्याचे दान जवळचे आप्त व विशेष व्यक्तिगत जिव्हाळ्याच्या व्यक्तींपुरते ठेवले. संघीय सामाजिक न्यायालयाने 2003 मध्ये अदलाबदल तत्त्वतः मान्य केली, परंतु दोन्ही जोड्यांमध्ये तसे नाते जुळलेले असावे असा अर्थ लावला. अपरिचितांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला नाही. फ्रान्सने उलट बाजू घेतली : तेथे 2011च्या कायद्याने अदलाबदल निनावी ठेवून ती दोन जोड्यांपुरती मान्य केली आणि 2021 मध्ये सहा जोड्यांपर्यंत वाढवली. ब्रिटनमध्ये मानवी ऊतक अधिनियम, 2004 खाली अशा दानास ऊतक प्राधिकरणाच्या किमान तीन सदस्यांच्या मंडळाची मंजुरी लागते.

करार झाला तरी त्याची सक्तीने अंमलबजावणी होऊ शकत नाही, कारण दात्याला शस्त्रक्रियेच्या मेजावर जाईपर्यंत संमती मागे घेता येते. एक मूत्रपिंड निघाले आणि दुसरा दाता मागे सरला, तर पहिली जोडी दाताही गमावते आणि अवयवही. त्यावर तोड म्हणून चारही शस्त्रक्रिया एकाच वेळी करण्याचा प्रघात पडला, त्यासाठी चार शस्त्रक्रियागृहे आणि चार पथके लागली तरी. फ्रान्सने 2021 मध्ये समकालिकतेऐवजी पहिल्या व शेवटच्या अवयव-निष्कासनात चोवीस तासांची मुदत ठेवली. निरपेक्ष, म्हणजे बदल्यात कोणासाठीही अवयव न मागणाऱ्या, दात्यापासून सुरू होणाऱ्या आणि एका जोडीकडून दुसरीकडे कालांतराने पुढे सरकणाऱ्या दानाच्या साखळ्यांना मात्र चौघांच्या एकाच कराराची चौकट सहज बसत नाही.

भारतीय व अमेरिकी दोन्ही तरतुदी ‘अवयव’ असा व्यापक शब्द वापरतात, म्हणून यकृताच्या खंडाची अदलाबदलही त्यांच्या कक्षेत येते. यकृताचा उजवा खंड देणाऱ्याचा धोका डावा देणाऱ्यापेक्षा सामान्यतः अधिक असतो. असमान धोक्याची अशी अदलाबदल न्याय्य आहे काय, हे या तरतुदी ठरवत नाहीत.