विप्रोतून सरकारी शाळांकडे: दिलीप रांजेकरांच्या वाटचालीची पार्श्वभूमी

खानदेशातल्या अमळनेरला 1945 साली वनस्पती तूप आणि खाद्यतेलाची एक कंपनी उभी राहिली. तीच पुढे विप्रो झाली. वडील गेल्यावर 1966 साली, एकविसाव्या वर्षी, अझीम प्रेमजींनी तिची सूत्रे घेतली. दिलीप रांजेकर 1976 साली विप्रोत आले आणि पुढे मनुष्यबळ विभागाचे प्रमुख झाले. शालेय शिक्षणासाठी अझीम प्रेमजी फाउंडेशन निघाले, तेव्हा पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी तेच होते.

ही निवड मोलाची ठरली. शिक्षणाचे काम शेवटी माणसांचेच, आणि माणसे निवडून घडवणे हेच रांजेकरांचे आयुष्यभराचे काम होते.

फाउंडेशनने 2001 साली ना-नफा कंपनीचे रूप घेतले. जुन्या कंपनी कायद्याचे कलम 25, आजच्या 2013 च्या कायद्यातले कलम 8. अशा कंपनीत लाभांश वाटता येत नाही. शिल्लक उद्दिष्टावरच खर्च करावी लागते.

सुरुवातीला उपाय मात्र कंपनीच्या सवयीचेच होते. अभ्यासक्रमावरच्या सीडी तयार करून हजारो शाळांत संगणकावर शिकवणे सुरू झाले. कर्नाटकात ‘लर्निंग गॅरंटी’ कार्यक्रमात शाळांनी आपणहून भाग घ्यायचा, पटनोंदणी, उपस्थिती आणि मुलांचे शिकणे तपासून घ्यायचे आणि निकषांवर उतरल्यास बक्षीस मिळवायचे, अशी रचना होती. निकष पार करणाऱ्या शाळा फार थोड्या निघाल्या. मोजमापातून दुखणे कळले, पण शिक्षकाला वर्गात रोज लागणारी मदत त्यातून मिळेना. संगणकाचेही तेच: शिक्षक बाजूला राहिला की सीडी हा वेगळाच तास होऊन बसतो आणि वर्गातले शिकवणे होते तसेच राहते.

मग दिशा बदलली. एकेका जिल्ह्यात कायमची संस्था, तालुक्याच्या पातळीवर शिक्षक संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी स्वेच्छेने येतील अशी केंद्रे, आणि शिक्षणक्षेत्राला माणसे पुरवण्यासाठी 2010 साली बेंगळुरूत स्थापलेले विद्यापीठ. विप्रोतूनच आलेल्या अनुराग बेहार यांनी नेतृत्वाची ही वाट पुढे चालवली.

इतका धीर धरता आला तो पैशामुळे. मार्च 2019 मध्ये प्रेमजींनी विप्रोतल्या आणखी 34 टक्के समभागांचा आर्थिक लाभ परोपकारासाठी दिला. एकूण देणगी 1.45 लाख कोटी रुपयांवर गेली. त्यामुळे वर्षावर्षाच्या अनुदानावर अवलंबून राहावे लागत नाही.

बहुतेक संस्थांना ही चैन नाही. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या, नियमांतली 5 टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा खरे तर कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर आहे. तीच संस्थेवर लादली की पगार आणि हिशेबनिसाचा खर्च कुठून काढायचा, हा पेच रांजेकरांसारखा कंपनीतून संस्थेत आलेल्या नव्या प्रमुखापुढे पहिल्याच अंदाजपत्रकात उभा राहतो.

महाराष्ट्रातल्या न्यासात (ट्रस्टमध्ये) कंपनीतून येणाऱ्याने आधी परिशिष्ट एक, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा विश्वस्त आणि मालमत्ता दाखवणारा उतारा, पाहावे. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नसेल किंवा प्रलंबित असेल, तर बँकेत सह्या बदलताना आणि अनुदानाचे करार करताना काम अडते. जमीन किंवा इमारत विकायची असेल, तर कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायलासुद्धा. कंपनीत संचालक मंडळाच्या ठरावावर होणारे व्यवहार इथे तेवढ्यावर होत नाहीत, म्हणून कामाच्या वेळापत्रकात या परवानगीचे महिने आधीच धरावे लागतात.